दोनशे तास

"मार्क सगळ्यांकडेच असतात," माझी प्रगतिपुस्तकं बाजूला सारत सबनीस मॅडम म्हणाल्या. "तुझ्याकडे गोष्ट काय आहे?"

मी तेव्हा नववीत होते. परदेशातल्या प्रवेशांचं मार्गदर्शन करणाऱ्या नाशिकमधल्या त्या एकट्याच बाई. आई मांडीवर फाइल घेऊन शेजारी बसली होती. तिने घाईघाईने विचारलं, "गोष्ट म्हणजे?"

"म्हणजे ही मुलगी कोण आहे, कुणासाठी काय करते, हे अमेरिकेतल्या कॉलेजांना बघायचं असतं. चार वर्षं आहेत हातात. आत्तापासून लागलात तर होईल."

आणि आम्ही लागलो. स्वयंपाकघराच्या दारामागे आईने चार वर्षांची चार कॅलेंडरं आखून टांगली. बुद्धिबळ, कथक, फ्रेंच, शनिवारी वक्तृत्वाचा क्लास. एका रविवारी आम्ही पांडवलेण्याच्या पायथ्याशी रोपं लावून आलो, फोटो काढले, आणि पुन्हा कधी तिकडे फिरकलो नाही. बुद्धिबळात मी जिल्ह्याच्याही पुढे जाईना, कथकच्या बाईंनी तर आईला स्पष्टच सांगितलं की मुलीचे पाय जड आहेत. उरली समाजसेवा. "एकच काम धरा, पण लांबवर न्या," मॅडमनी बजावलं होतं. "दोनशे तास भरले पाहिजेत, आणि त्याची सह्यांनिशी नोंद हवी."

समाज शोधायला लांब जायची गरज पडली नाही. बाबांचा शरणपूर रोडला दातांचा दवाखाना होता आणि तिथे शेवंतामावशी होत्या. शेवंता बेंडकुळे. माझ्या जन्माआधीपासून त्या तिथे कामाला. हत्यारं उकळायची, पेशंटला पाणी द्यायचं, रडणाऱ्या पोरांना गप्प करायचं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. औषधांच्या बाटल्या त्या झाकणाच्या रंगावरून ओळखायच्या. दुपारनंतर काउंटरवरची मुलगी घरी गेली की पेशंटना आत बोलावायचं कामही त्यांच्याकडे यायचं, आणि मग "हिरव्या साडीवाल्या बाई, चला", "काळ्या पिशवीवाले काका, या" असा पुकारा चालायचा. एकदा एक गृहस्थ त्यावरून चांगलेच तडकले होते.

मी शिकवणार म्हटल्यावर मावशींचा चेहरा उजळला. "खरंच शिकवशील का गं, केतू? मला लई काही नको. कागदावरचं नाव वाचून हाक मारता आली पाहिजे, बस."

बाबांनी फक्त एवढंच म्हटलं, "शिकवणार असशील तर नीट शिकव. ती खरंच शिकेल."

मंगळवार आणि गुरुवार ठरले. दुपारी दोन ते चार दवाखाना बंद असायचा, त्या वेळात. मी अंकलिपी नेली, पाटी नेली. पहिल्या दिवशी आईने फोटो काढले. मावशी अक्षर गिरवताना जीभ दातात धरायच्या आणि साधलं की पाटी लांब धरून बघायच्या. दोन महिन्यांत त्यांना काना-मात्रा जमायला लागल्या.

मला मात्र कंटाळा आला. बाहेर ऊन, आत तो लवंगेच्या तेलाचा वास, आणि क-का-कि-की. सहामाही आली तशी मी जायची बंद झाले. मग विज्ञानप्रदर्शन, मग कथकची परीक्षा. महिना-दीड महिन्याने कधी तरी उगवायचे आणि तासांची वही पुढे करायचे. सुरुवातीला मावशी अंगठा लावायच्या. एके दिवशी त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि वाकड्यातिकड्या पण पूर्ण अक्षरांत लिहिलं : शेवंता रंगनाथ बेंडकुळे. त्यांच्या हातची ती पहिली सही. ज्या पानावर ती झाली, त्यावर मी न शिकवलेले अठरा तास मांडलेले होते.

"जमलं का गं?" त्यांनी विचारलं.

"छान जमलंय मावशी," मी म्हटलं आणि वही मिटली.

मी नसतानाही त्या पुढे कशा सरकत होत्या, हा प्रश्न मला पडला नाही. त्यांचे यजमान, रंगनाथकाका, एका इंग्रजी शाळेची बस चालवायचे. कधी कधी संध्याकाळी सायकल घेऊन मावशींना न्यायला यायचे. उंच, अबोल माणूस. दवाखान्याच्या आत कधी पाऊल टाकायचे नाहीत. एकदा मी बाहेर पडत होते तर त्यांनी मला थांबवलं.

"ताई, जरा विचारायचं होतं. शेंडीफोड्या श अन् पोटफोड्या ष, यातला फरक कसा सांगायचा समजावून?"

मला क्लासला उशीर होत होता. "तेवढं काही महत्त्वाचं नाही हो," म्हणून मी स्कूटरवर बसले.

बारावीपर्यंत वही भरली. दोनशे चार तास. त्यातले खरे चाळीस तरी असतील की नाही, देव जाणे. सबनीस मॅडमनी वही बघून मान डोलावली आणि निबंध लिहायला बसवलं. पहिला निबंध मी खरा लिहिला होता. एक बाई होती, तिला नावं वाचायची होती, ती हळूहळू शिकली. मॅडमनी तो वाचून चष्मा काढला.

"यात संघर्ष कुठे आहे? बाई शिकायला लागली, शिकली, झालं? अडथळा हवा ना काही तरी. घरून विरोध वगैरे नाही का तिला?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"अगं, अशा घरात असतोच. आणि नाव थोडंच घालायचंय आपल्याला."

त्या आठवड्यात मी दुसरा निबंध लिहिला. त्यात बाईचा नवरा दारुडा झाला. बायको शिकतेय म्हणून चिडला, एका रात्री त्याने तिचं पुस्तक चुलीत घातलं, आणि दुसऱ्या दिवशी बाई अर्धी जळलेली पानं पदरात बांधून माझ्याकडे आली. मग आम्ही दोघींनी ती पानं चिकटवली. लिहिताना माझे डोळे भरून आले होते, हे मला आजही आठवतं आणि अंगावर काटा येतो. आईला निबंध वाचून दाखवला तर तिनेही डोळे पुसले. शेवंतामावशींना आम्ही दोघीही इतकी वर्षं ओळखत होतो, पण "असं खरंच झालं का गं?" हे काही तिने विचारलं नाही.

मार्चअखेर पत्र आलं. प्रवेश मिळाला, वर शिष्यवृत्ती. आमच्या गल्लीत पेढे वाटले. आईच्या ओळखीतला एक वार्ताहर घरी आला. त्याला निबंधाची प्रत हवी होती, ती आईने दिली. त्याला फोटो हवा होता, म्हणून आम्ही दवाखान्यात गेलो. मावशी त्या दिवशी ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसून आल्या होत्या.

"काय छापणार हो दादा?" त्यांनी वार्ताहराला विचारलं.

"तुमचं कौतुक," तो म्हणाला. "पूर्ण नाव सांगा."

मी तिथेच उभी होते. त्या वेळी एक शब्द बोलले असते तरी पुरे होतं. वार्ताहराने नाव लिहून घेतलं आणि मी फोटोसाठी मावशींच्या खांद्यावर हात ठेवला.

रविवारच्या पुरवणीत अर्धं पान आलं. आईने दहा अंक आणले. सोमवारी मावशी कामावर आल्या नाहीत, मंगळवारी आल्या नाहीत. बुधवारी दुपारी घराची घंटा वाजली. आई बँकेत गेली होती. दार उघडलं तर मावशी. हातात चौपदरी घडी केलेला पेपर.

"बस ना मावशी," मी म्हटलं.

त्या सोफ्यावर बसल्या नाहीत. जेवणाच्या टेबलाशी उभ्या राहून त्यांनी पेपर पसरला आणि ओळीखाली बोट धरलं. "यातला एक शब्द मला लागेना. म्हटलं शिकवणारीलाच विचारावं." आणि त्या वाचायला लागल्या. संथ, एकेक अक्षर सोडवत, पण कुठेही न अडखळता. "शेवंताबाईंचा पती... व्य-स-ना-धीन... होता. व्यसनाधीन. म्हणजे काय गं?"

आणि त्या क्षणी मी काय केलं असेल? मी म्हटलं, "म्हणजे... खूप कष्ट करणारा. सतत कामात असलेला."

मावशींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"असं होय," त्या म्हणाल्या. "यांनी मला वेगळं सांगितलं. आधी तर यांनी पेपरच लपवला होता गादीखाली. मला सापडला तर म्हणाले, नावासारखी नावं असतात, ही कुणी दुसरी असेल. मी म्हटलं, अन् हा फोटो? मग अर्थ सांगितला. मला खरं वाटेना. वाटलं, हे रागावलेत म्हणून असं सांगतात. केतू असं कशाला लिहील?"

त्यांचं बोट पुढच्या ओळीवर गेलं.

"पुस्तक चुलीत टाकले. आमच्याकडे चूल नाही गं. गॅस आहे."

"मावशी, ते निबंधात जरा..."

"तू दोन-दोन महिने यायची नाहीस, तेव्हा जोडाक्षरं कुणी शिकवली मला?" आवाज चढलेला नव्हता. जणू त्यांना खरंच माझ्याकडून उत्तर हवं होतं. "पोरं सोडून झाली की रिकामी बस घेऊन यायचे हे. मला शेजारच्या सीटवर बसवायचे अन् दुकानांच्या पाट्या वाचायला लावायचे. चुकलं की गाडी बाजूला घेऊन थांबायचे. नीट वाचलं की पुढे. सुपारीचं खांड तोंडात टाकत नाही तो माणूस."

खिडकीतून शेजारच्यांच्या मिक्सरचा आवाज येत होता. मी टेबलक्लॉथची कड बोटाने दुमडत उभी होते.

"पालकांनी शाळेत पेपर नेऊन दाखवला," मावशी पुढे म्हणाल्या. "दारुड्याच्या हाती आमची पोरं कशी द्यायची, म्हणून विचारलं. बरोबरच आहे त्यांचं. परवापासून गाडीची किल्ली काढून घेतलीय. गेटवर बसवलंय खुर्ची देऊन. एकोणीस वर्षं गाडी चालवली त्यांनी. पोरं गेटातून आत जाताना विचारतात, काका, तुम्ही बसमध्ये का नाही? हे घरी आल्यावर जेवले पण नाहीत."

त्यांनी पेपरची पुन्हा चौपदरी घडी घातली.

"एक कागद लिहून द्या मला." लहानपणापासून मला 'तू' म्हणणाऱ्या मावशींनी त्या दिवशी पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं. "पेपरात नको छापायला. शाळेत दाखवायला फक्त. की मी लिहिलेलं खरं नाही. दोन-चार ओळी. तुमची सही."

"मी आईला विचारते," मी म्हटलं.

मी अठरा वर्षांची होते. दोनशे तासांची वही मी एकटीने खोटी भरली होती, निबंध एकटीने रचला होता. खरं लिहायला मात्र मला आईची परवानगी लागत होती.

आईने सबनीस मॅडमना फोन लावला. मॅडमचा आवाज मला बाहेरपर्यंत ऐकू येत होता. "लेखी काहीही देऊ नका. तो कागद कुठून कुठे जाईल सांगता येत नाही. कॉलेजला कळलं तर प्रवेश रद्द, शिष्यवृत्ती रद्द. तोंडी माफी मागा, मिठाई द्या, प्रकरण संपवा."

जेवताना आईने हे सगळं बाबांना सांगितलं. बाबा ऐकत होते. भात कालवता कालवता थांबून त्यांनी विचारलं, "केतकी, तुला काय वाटतं?"

"बाबा, प्रवेश रद्द झाला तर?"

"मी प्रवेशाचं विचारलं नाही."

मी ताक वाढून घेतलं. आई म्हणाली, "अहो, चार वर्षं घातलीत पोरीने. तिच्या आयुष्याचा प्रश्न आहे." बाबा हात धुवायला उठले. त्यानंतर त्यांनी तो विषय माझ्यापाशी पुष्कळ दिवस काढला नाही, आणि मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडला.

मावशींना मी दोन दिवसांनी दवाखान्याच्या जिन्यात गाठलं. "मावशी, आत्ता नको. मी तिकडे गेले, सगळं नीट लागलं, की तिथून पत्र पाठवते. नक्की."

"बरं," त्या म्हणाल्या आणि बादली उचलून वर गेल्या.

ऑगस्टमध्ये मी निघाले. निघायच्या आदल्या दिवशी बाबांना काही कागद द्यायला दवाखान्यात गेले होते. संध्याकाळची वेळ, बाकांवर गर्दी. आतल्या दाराशी मावशी यादी घेऊन उभ्या होत्या आणि एकेक नाव खणखणीत वाचत होत्या. "ज्ञानेश्वर त्र्यंबक क्षेमकल्याणी." एक म्हातारे गृहस्थ लगबगीने उठले. एवढं अवघड नाव त्यांनी एका दमात वाचलं होतं. माझ्यावरून त्यांची नजर गेली, पण थांबली नाही.

तिकडे सगळं नीट लागलं. पहिल्या वर्षी मी खरोखरच पत्र लिहायला बसले होते. 'प्रिय मावशी' लिहिलं, आणि पुढे काही सुचलं नाही. बाबा दर रविवारी फोन करायचे. अभ्यास, जेवण, थंडी झाली की शेवटी विचारायचे, "मावशींना काही लिहिलंस का?"

"परीक्षा झाली की लिहिते, बाबा."

"बरं."

सुट्टीत घरी आले की मी दवाखान्याकडे फिरकायची नाही. काही तरी कारण काढायची. बाबा दर वेळी एकदा विचारायचे, कधी आग्रह करायचे नाहीत. पदवीदान समारंभाला ते दोघंही आले होते. माझं नाव पुकारलं तेव्हा आई उभी राहून टाळ्या वाजवत होती. बाबाही उभे होते. नंतर सगळे फोटो काढत होते, तेव्हा बाबांनी मला जवळ घेतलं आणि कानाशी म्हणाले, "आता तरी लिहिशील?" मी हसून "हो" म्हटलं. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, त्यांनी विचारणंही थांबवलं. मला वाटलं, विसरले.

मी नाशिक सोडल्यानंतरच्या अकराव्या वर्षी, जानेवारीत बाबा गेले. हृदयविकाराचा झटका. मी पोचले तोपर्यंत सगळं आटोपलं होतं. पाचव्या दिवशी भेटायला येणाऱ्यांत शेवंतामावशी आणि रंगनाथकाका होते. मावशींचे केस पांढरे झाले होते. काका तसेच उंच, फक्त थोडे वाकलेले. आई आत पडली होती. मी त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं. बाबांच्या शेवटच्या दिवसाचं बोलणं झालं.

"काका," मी म्हटलं, "त्या वेळी तुम्हाला माझ्यामुळे फार..."

"ते कधीचंच मिटलं, ताई," काका म्हणाले. "डॉक्टरांनी मिटवलं ना."

"बाबांनी?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मावशी म्हणाल्या, "आता सांगितलं तर काय होतंय? ते तर गेले."

मग काकांनी सांगितलं. एप्रिल संपता संपता, सुट्टी लागायच्या आधी, शाळेत पालकसभा होती. बाबा त्या दिवशी दवाखाना बंद ठेवून तिथे गेले. चाळीस-पन्नास पालक बसले होते. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन ते पुढे उभे राहिले आणि म्हणाले, मी डॉक्टर पाटणकर. पेपरात आलेली ती हकीकत माझ्या मुलीने रचलेली आहे. या माणसाला मी वीस वर्षं ओळखतो. त्यांनी कधी दारूला हात लावलेला नाही. माझ्या मुलीच्या वतीने मी तुमची आणि यांची माफी मागतो. तेवढंच लिहून, खाली सही करून त्यांनी कागद मुख्याध्यापकांच्या हाती दिला.

"दुसऱ्या दिवशी किल्ली मिळाली मला," काका म्हणाले. "साठ पुरी होईस्तोवर गाडी चालवली."

म्हणजे मी बॅगा भरत होते त्याच्या कितीतरी आधी. कागद लिहिला गेला होता, चारचौघांत सगळं सांगितलं गेलं होतं, आणि माझा प्रवेश जिथल्या तिथे होता. कुणी अमेरिकेला काही कळवलं नव्हतं. कुणाला कळवायचंही नव्हतं. मी ज्याला घाबरले होते ते कुठे नव्हतंच.

"मला कुणीच का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"डॉक्टरांनीच सांगून ठेवलं होतं," मावशी म्हणाल्या. "म्हणाले, केतकीला यातलं कळू देऊ नका. तिचं पत्र येईल. ती स्वतःहून लिहील. ते आलं की मग सांगू तिला." मावशींनी पदर सारखा केला. "दर दिवाळीला फराळाचं द्यायला बोलवायचे आम्हाला. डबा हातात देताना विचारायचे, आलं का काही? नाही म्हटलं की म्हणायचे, येईल. यंदाही विचारलं."

मला वाटलं होतं, ते विसरले. फोनवर थंडीची चौकशी करताना, पदवीदानाला मला जवळ घेताना, माझ्या लग्नात मांडवात उभे असताना ते सगळा वेळ हेच धरून बसले होते.

"काका," मी म्हटलं. "मी आता लिहून देऊ?"

रंगनाथकाका अगदी हळू, मला लागू नये अशा बेताने म्हणाले, "आम्हाला आता त्याचं काय काम, ताई? वाट डॉक्टर बघत होते."

मावशींनी त्यांच्या हाताला किंचित स्पर्श केला, एवढंही बोलायला नको होतं असा. मग त्या उठल्या आणि आईला भेटायला आत गेल्या.